कर्त्या मुलाचा शोक

आळंद तालुक्यातील कडगंची हे ‘गुरुचरित्र’कार सरस्वती गंगाधरांचे गाव. एकोणिसाव्या शतकात, निजामी अमलातील अशा खेड्यांत मिसरूड फुटू लागलेला मुलगा गेला, म्हणजे आईबापांची म्हातारपणाची काठीच मोडे. त्या दिवशी घरची चूल पेटत नसे. शेजारी भाकरी आणून बळेच घास भरवीत. सांत्वनाला येणारे ‘प्रारब्ध’ म्हणत.

‘गुरुचरित्रा’तील शिरोळची माता मात्र पुत्राचे प्रेत कवटाळून बसते, प्रारब्धाचा उपदेश ऐकूनही गुरूंनाच जाब विचारते. ग्रंथकाराने तिला गप्प केले नाही. कथेतला मुलगा उठतो. गावातला उठत नसे. म्हणूनच शोकाकुलाला उपदेशाआधी घास द्यावा, आणि त्याला मनसोक्त बोलू द्यावे.