पर्यायाच्या प्रतीक्षेतील खेळाडू

(जबलपूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जबलपूर शहराने जगाला एक खेळ दिला आहे आणि तोही प्रचलित खेळांवर समाधान न मानणाऱ्या खेळाडूंच्या हातून. 1875 सालच्या पावसाळ्यात येथील छावणीतील लष्करी अधिकारी बिलियर्डच्या टेबलाभोवती 'पिरॅमिड', 'ब्लॅक पूल' यांसारखे त्या काळचे खेळ खेळत असत. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने पंधरा तांबडे चेंडू आणि एक काळा चेंडू यांच्या जोडीला आणखी रंगीत चेंडू मांडण्याची कल्पना पुढे आणली. नवशिक्या कॅडेटसाठी वापरला जाणारा 'स्नूकर' हा शब्द एका चुकलेल्या फटक्याच्या निमित्ताने उच्चारला गेला आणि तो त्या खेळालाच चिकटला. पुढे उटकमंड येथे नियमांना निश्चित रूप आले आणि तेथून हा खेळ इंग्लंडमध्ये गेला. (हे चेंबरलेन म्हणजे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले नेव्हिल चेंबरलेन नव्हेत, नामसाधर्म्यामुळे परीक्षार्थींची गल्लत होण्याचा संभव असतो.)

या नव्या खेळाला भांडवल किती लागले असेल? टेबल तेच, काठ्या त्याच. भर पडली ती थोड्या रंगीत चेंडूंची आणि नव्या नियमांची. प्रयोग फसला असता तर चेंडू पेटीत परत गेले असते. खेळणाऱ्यालाच खेळ घडवणे तेव्हा शक्य होते, कारण प्रयत्नाची किंमत नगण्य होती. आज जगभरातील लक्षावधी खेळाडू एका लोकप्रिय संगणकीय खेळाला अधिक चांगला प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून अनेक वर्षे वाट पाहत आहेत. त्यांना तो सहजासहजी का मिळत नाही, हा प्रश्न वरकरणी करमणुकीचा वाटला तरी मुळात तो बाजाररचनेचा आहे.

एका खेळाचे साम्राज्य

'द सिम्स' हा खेळ 4 फेब्रुवारी 2000 रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाला. मॅक्सिस या संस्थेचे विल राइट हे त्याचे रचनाकार, तर इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही प्रकाशक कंपनी. 1991 मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात लागलेल्या भीषण आगीत राइट यांचे घर भस्मसात झाले. संसार नव्याने उभारताना माणसाला कोणत्या वस्तू खरोखर लागतात, या विचारातून या खेळाची बीजे रुजली. येथे शत्रू नाही, शर्यत नाही आणि अंतिम विजयही नाही. खेळाडू एक माणूस किंवा कुटुंब घडवतो, घर बांधतो, नोकरी, मैत्री, विवाह, मुले, वार्धक्य असा संसार चालवतो. दोनच वर्षांत हा वैयक्तिक संगणकावरील तोवरचा सर्वाधिक खपाचा खेळ ठरला. 2004, 2009 आणि 2014 मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या आल्या.

नाराजीला सुरुवात झाली ती प्रामुख्याने चौथ्या आवृत्तीपासून. सप्टेंबर 2014 मध्ये ती आली तेव्हा आधीच्या आवृत्तीतील मोकळे, सलग गाव त्यात नव्हते. पोहण्याचे तलाव नव्हते आणि दुडदुडणारी लहान मुलेही नव्हती. तलाव त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये आले, लहान मुलांसाठी मात्र जानेवारी 2017 उजाडावा लागला. दरम्यान कंपनीने ऋतू, विद्यापीठ, पाळीव प्राणी, ग्रामजीवन असे एकेक दालन स्वतंत्र किमतीला विकण्याचा क्रम चालू ठेवला. 2025 अखेरपर्यंत असे वीस मोठे विस्तारसंच निघाले. लहान संचांची गणना वेगळीच. मूळ खेळ 18 ऑक्टोबर 2022 पासून विनामूल्य झाला खरा, पण उंबरठा मोफत आणि आतल्या खोल्या विकत, असा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे. या खेळावर मनापासून प्रेम करणारेच त्याचे सर्वांत कठोर टीकाकार बनले, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

निर्गमन, आवाज आणि निष्ठा

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी 1970 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असमाधानी ग्राहकापुढील मार्गांचे विवेचन केले आहे. एक मार्ग निर्गमनाचा, म्हणजे दुसऱ्या विक्रेत्याकडे जाण्याचा; दुसरा आवाज उठवण्याचा. या दोहोंतील निवड ठरवण्यात निष्ठेचा मोठा वाटा असतो. हर्शमन यांना हा विचार सुचला तो नायजेरियातील रेल्वे पाहून. तेथे मालमोटारींची स्पर्धा असूनही रेल्वेची सेवा सुधारत नव्हती, कारण तक्रार करू शकणारे जागरूक ग्राहक आधीच मोटारीकडे निघून गेले होते.

सिम्सच्या खेळाडूंची स्थिती नेमकी उलट आहे. त्यांच्याकडे आवाज भरपूर आहे. जायला दुसरी जागा नाही. ज्या आवाजामागे निघून जाण्याची शक्यता नसते, तो विक्रेत्याला ऐकू येतो पण त्याची झोप उडवत नाही. म्हणून या खेळाडूंची मागणी 'हा खेळ सुधारा' एवढ्यावर न थांबता 'याला तोडीस तोड दुसरा खेळ हवा' अशी झाली. त्यांपैकी अनेकांना आपला आवडता खेळ सोडायचा नाही. तो सोडता येईल एवढी सोय मात्र त्यांना हवी आहे.

ही सोय निर्माण होण्यात तीन अडचणी आहेत. पहिली संचयाची. नव्या खेळाची तुलना 2014 च्या मूळ खेळाशी होत नाही. दहा-अकरा वर्षांत साचलेल्या फर्निचर, पोशाख, व्यवसाय आणि सणसमारंभांच्या संपूर्ण भांडाराशी होते. दुसरी अडचण बदलाच्या खर्चाची. खेळाडूने पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली कुटुंबे, बांधलेली घरे आणि इतर हौशी खेळाडूंनी तयार केलेल्या हजारो जोडवस्तू नव्या खेळात नेता येत नाहीत. विकत घेतलेले संचही तेथे निरुपयोगी ठरतात. भाड्याचे घर बदलताना निदान सामान तरी सोबत नेता येते.

तिसरी अडचण या प्रकारच्या खेळाच्या जडणघडणीतच आहे आणि ती सर्वांत बिकट आहे. येथे प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशी संबंध येऊ शकतो. भुकेला, दमलेला, प्रेमात पडलेला माणूस पेटत्या चुलीजवळ कसा वागेल, हे आज्ञावलीत ठरवावे लागते. दहा घटक असतील तर त्यांच्या जोड्या 45 होतात. शंभर घटक असतील तर 4,950. घटक दहापट होताना तपासणीचे काम शंभर पटींहून अधिक वाढते. सुंदर चित्रे पैसे देऊन जलद करून घेता येतात, परंतु वागणुकीतील जिवंतपणा वर्षानुवर्षे घासूनपुसूनच येतो.

आव्हानवीरांची कहाणी

स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने 2023 मध्ये 'लाइफ बाय यू' या खेळाची घोषणा केली, तेव्हा प्रतीक्षा संपली असे अनेकांना वाटले. प्रकल्पाचे नेतृत्व रॉड हंबल यांच्याकडे होते. त्यांनी पूर्वी खुद्द सिम्स मालिकेचे काम सांभाळले होते. भांडवल होते, अनुभव होता, ग्राहक तर वाट पाहत होतेच. प्रकाशनाची तारीख वारंवार पुढे गेली आणि जून 2024 मध्ये प्रकल्प रद्द करण्यात आला. पाठोपाठ तो खेळ बनवणारी उपसंस्थाही बंद झाली. खेळाडूंची निराशा झाली. निर्मात्यांच्या तर नोकऱ्याच गेल्या. मागणी आहे म्हणून पुरवठा होईलच, हे पाठ्यपुस्तकातील गृहीतक येथे अपुरे पडले.

दक्षिण कोरियाची क्राफ्टन कंपनी भारतीय तरुणांना 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'मुळे परिचित आहे. तिचा 'इनझोई' हा खेळ 28 मार्च 2025 रोजी अपूर्णावस्थेतील प्राथमिक विक्रीसाठी आला आणि आठवड्याभरात त्याच्या दहा लाख प्रती विकल्या गेल्या. दबलेली मागणी किती होती याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. त्याची दृश्ये डोळे दिपवणारी आहेत. पात्रांच्या वागण्यात मात्र तो ओलावा नाही, अशी टीका लगेच झाली. शिवाय त्यासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला शक्तिशाली संगणक लागतो. जबलपूर किंवा जळगावच्या वसतिगृहातील साध्या लॅपटॉपवर हा पर्याय चालणारच नसेल, तर त्या विद्यार्थ्यापुरती मक्तेदारी जशीच्या तशी राहते.

कॅनडातील माँट्रियल येथे ॲलेक्स मासे यांनी सुरू केलेला 'पॅरालाइव्ह्ज' हा प्रकल्प निराळ्या वाटेने चालला आहे. 2019 मध्ये त्याची घोषणा झाली. चाहत्यांच्या नियमित वर्गणीवर एक छोटा गट तो घडवत आला असून नंतरचे विस्तारसंच पैसे घेऊन विकणार नाही, असे त्याने जाहीर केले आहे. प्राथमिक विक्रीसाठी ठरलेली 8 डिसेंबर 2025 ही तारीख पुढे ढकलून 25 मे 2026 करण्यात आली. वर्गणीदारांनी या विलंबाचे बऱ्याच अंशी स्वागतच केले, कारण घाईत आलेल्या अर्धवट खेळांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

प्रतिस्पर्धी कधीच यशस्वी होत नाही असे मात्र नाही. नगररचनेच्या खेळांत 'सिमसिटी'चे स्थान असेच अढळ मानले जात होते. 2013 च्या आवृत्तीत सतत इंटरनेट जोडणीची सक्ती आली, सर्व्हर कोलमडले, शहरांचा आकारही तोकडा होता. फिनलंडमधील कोलोसल ऑर्डर या जेमतेम डझनभर माणसांच्या संस्थेने 'सिटीज : स्कायलाइन्स' हा खेळ 10 मार्च 2015 रोजी निम्म्या किमतीत आणला. त्यात इंटरनेटची सक्ती नव्हती आणि खेळाडूंनी केलेल्या जोडवस्तूंना मुक्तद्वार होते. त्याच्या सहाच दिवस आधी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने मॅक्सिसचे एमरीव्हिल येथील मुख्य कार्यालय बंद केले होते. या कथेला दुसरा अंकही आहे. विजेत्या संस्थेने 2023 मध्ये काढलेली दुसरी आवृत्ती सदोष निघाली. आता तिचेच चाहते हताश झाले. नोव्हेंबर 2025 मध्ये प्रकाशक आणि निर्माती संस्था यांनी विभक्त होत असल्याचे जाहीर केले. हा प्रकाशक म्हणजे पॅराडॉक्सच.

शेतीजीवनाच्या खेळांत तर एकट्या माणसाने बाजी मारली. 'हार्वेस्ट मून' या जपानी मालिकेचा चाहता असलेल्या एरिक बॅरोन यांना तिच्या नंतरच्या आवृत्त्या रुचल्या नाहीत. त्यांनी चार वर्षांहून अधिक काळ एकहाती खपून चित्रे, संगीत, संहिता आणि आज्ञावली असे सर्व काही स्वतः तयार केले. फेब्रुवारी 2016 मध्ये 'स्टारड्यू व्हॅली' प्रसिद्ध झाला. 2024 अखेर त्याच्या 4 कोटी 10 लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. तो साध्या संगणकावरही चालतो. जबलपूरच्या त्या टेबलाशी नाते सांगणारे अलीकडचे उदाहरण शोधायचे तर ते हेच. फक्त येथे रंगीत चेंडूंऐवजी आयुष्यातील चार वर्षे पणाला लागली होती.

कायदा कोठवर पोहोचतो

एकाच कंपनीचे वर्चस्व असेल तर स्पर्धा आयोगाने हस्तक्षेप करावा, असे विद्यार्थी अनेकदा उत्तरपत्रिकेत लिहितात. ते बरोबर नाही. 1969 चा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियम मोठ्या आकाराकडेच संशयाने पाहत असे. राघवन समितीच्या शिफारशींनंतर आलेल्या स्पर्धा अधिनियम, 2002 ने ही दृष्टी बदलली. त्याच्या कलम 4 नुसार वर्चस्व हा अपराध नाही. वर्चस्वाचा गैरवापर निषिद्ध आहे. हे कलम 20 मे 2009 पासून अमलात आले. वर्चस्व ठरवताना बाजारातील वाटा, ग्राहकांचे अवलंबित्व, नव्यांच्या प्रवेशातील अडथळे असे घटक कलम 19(4) नुसार विचारात घेतले जातात. त्याआधी 'संबंधित बाजारपेठ' निश्चित करावी लागते आणि खरी मेख तेथेच असते. सर्व संगणकीय खेळ ही एक बाजारपेठ मानली तर सिम्स हा अनेकांपैकी एक ठरतो. जीवनसदृश खेळ ही वेगळी बाजारपेठ मानली तर चित्र पालटते. दोन्ही बाजू तर्कशुद्ध रीतीने मांडता येतात.

शिवाय विस्तारसंच महाग विकणे किंवा अपेक्षेपेक्षा कमी देणे एवढ्यावरून गैरवापर सहज सिद्ध होत नाही. कायदा प्रवेशद्वार अडवणाऱ्याला दूर करू शकतो. आत येणारा खेळाडू तो निर्माण करू शकत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी, सिल्व्हर लेक आणि ॲफिनिटी पार्टनर्स यांनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स 55 अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार जाहीर केला. त्यातील 20 अब्ज डॉलर कर्जाऊ उभारायचे ठरले. कर्जाचे व्याज अखेर कोणाच्या खिशातून वसूल होणार, ही खेळाडूंची चिंता अनाठायी म्हणता येणार नाही.

भारतीय संदर्भ

भारत हा या खेळांचा ग्राहक आहे, तसाच कारागीरही आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे मोठे केंद्र हैदराबादेत आहे. तथापि स्वतःच्या कल्पनेचा, स्वतःच्या मालकीचा खेळ काढणाऱ्या संस्था थोड्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा भारतीय पुराणकथांच्या पार्श्वभूमीवरील खेळ 2020 मध्ये काढला आणि तो त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकित झाला. त्याआधी 2017 मध्ये याच खेळासाठी लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न अयशस्वी ठरला होता. कौशल्य होते, तीन वर्षे तग धरण्यापुरता पैसा दुर्मीळ होता.

शासकीय पातळीवर ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी केंद्राने 2022 मध्ये कृतिदल नेमले. मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था 2025 मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरणे आणली. ऑगस्ट 2025 मधील ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व विनियमन अधिनियमाने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ वेगळे काढून प्रतिबंधित केले. घर बांधण्याचे आणि संसार थाटण्याचे खेळ त्या प्रतिबंधाच्या कक्षेत येत नाहीत.

जबलपूरमध्ये 2005 साली स्थापन झालेली पंडित द्वारका प्रसाद मिश्र भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन व निर्मिती संस्था संगणकशास्त्र आणि अभिकल्पन हे दोन्ही विषय एकाच आवारात शिकवते. जीवनसदृश खेळाला नेमकी हीच सांगड लागते आणि त्याहून दुर्मीळ अशी तिसरी गोष्टही लागते: माणसे घरात कशी वागतात याचे बारीक निरीक्षण. सिम्सच्या घरात पाश्चात्त्य मध्यमवर्गाचा दिवाणखाना सहज सापडतो. चाळीतला सामाईक नळ, दारातली रांगोळी, आजीच्या खोलीत झोपणारी नातवंडे, सुटीत मुक्कामाला येणारे दहा पाहुणे हे सारे तेथे हौशी खेळाडूंना स्वतःच्या जोडवस्तूंनी भरून काढावे लागते. असा संसार उभा करणाऱ्या खेळासाठी दहा-बारा जणांचा गट चार-पाच वर्षे पोसावा लागेल. उत्पन्नाची खात्री नसलेल्या अशा कामाला बँक तारण मागते आणि गुंतवणूकदार लवकर परतावा मागतो. पॅरालाइव्ह्जला ती वर्षे वर्गणीदारांनी दिली. राजीच्या निर्मात्यांना ती स्वतःच्या बळावर काढावी लागली.