भरतीबरोबर वर, ओहोटीबरोबर खाली

कुणी चुलीपाशी असाल, कुणी गोठ्यात, कुणी गटाच्या बैठकीला जमला असाल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आज आम्ही तुम्हाला आमच्या गटाच्या एका दिवसाविषयी सांगणार आहोत. चार बायका, दोन कयाक आणि कर्लीची खाडी.

आमचा गाव सिंधुदुर्गात, कर्ली नदीच्या काठाला. ही नदी सह्याद्रीतून येते, कुडाळ तालुक्यातून वाहते आणि देवबागजवळ समुद्राला मिळते. शेवटच्या टप्प्यात नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी एकमेकांत मिसळतं. त्यालाच आपण खाडी म्हणतो. या खाडीवर आमची घरं चालतात. पुरुष होडी घेऊन जातात, जाळी टाकतात. बायका मासळी निवडतात, सुकवतात, पाटी डोक्यावर घेऊन विकतात. ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिसऱ्या काढतात. पण होडी कुणाच्या नावावर? घरच्या पुरुषाच्या. वाटे पडतात तेव्हा एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा, बाकीचे जाणाऱ्यांचे. विकणारीचा वाटा कुठल्या हिशोबात नसतो.

आमच्या गटानं पर्यटकांसाठी दोन कयाक कर्जानं घेतले. कयाक म्हणजे प्लास्टिकची हलकी, लांबट होडी. वर उघडी असते, दोघी पुढेमागे बसतात, आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे मारायचं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, ते बघून आम्हाला धीर आला होता. पण पाहुणे काही रोज येत नाहीत. मधल्या दिवशी कयाक पडवीत पडून राहायचे. मग बैठकीत एकीनं विचारलं, "यातून आपण गरी टाकली तर?"

गावात हसले लोक. "बायका आता तांडेल होणार," असंही कुणी म्हणालं. आम्ही त्याचं उत्तर दिलं नाही, तिथी बघितली.

तिथी कशाला, ते सांगतो. खाडीवर वल्ह्यापेक्षा पाण्याची ओढ मोठी असते. ज्या दिवशी जायचं त्या दिवसाच्या तिथीला पाऊणनं गुणायचं, म्हणजे भरतीची वेळ निघते, हे आपले जुने लोक सांगत आले. अष्टमी असली तर आठ पाऊणे सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हे गणित ढोबळ आहे. जागेप्रमाणे वेळ पुढेमागे होते, आणि खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते. म्हणून काठावरच्या जाणत्या माणसाला विचारून घ्यावंच.

आम्ही पौषातली तृतीया धरली. तीन पाऊणे सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमाराला भरती आणि सकाळी आठच्या सुमाराला ओहोटी संपणार. सकाळी पाणी वर चढायला लागलं की त्याच्याबरोबर खाडीत आत जायचं आणि दुपारी पाणी उतरायला लागलं की त्याच्याबरोबर परत यायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा ओढ जास्त. नव्या माणसानं तेव्हा जाऊ नये.

निघायच्या आधीचे आमचे नियमही ऐका. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय आणि त्याचे पट्टे आवळल्याशिवाय पाण्यात पाऊल नाही. पोहता येणारीलाही हाच नियम. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गळ्यात. कयाकमध्ये उभं राहायचं नाही, दोघींनी एकाच बाजूला वाकायचं नाही. आणि काठावर एक माणूस असा पाहिजे, ज्याला आपली परत यायची वेळ माहीत आहे. साडीचा घोळ पायात अडकतो, म्हणून तिघी सलवार-कमीज घालून आल्या. आमच्या गटातल्या सगळ्यांत मोठ्या काकींनी काष्टा मारला आणि पुढे जाऊन बसल्या.

तंगूस, गरी, शिशाचा बारका तुकडा आणि आमिषाला कोलंबीचे तुकडे, एवढंच सामान. कांदळवनाच्या कडेनं गेलो. तिवराच्या, चिपीच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात, म्हणून कडेला मासा असतो. कयाक मुळाला दोरीनं बांधायचा, फांदी तोडायची नाही. कांदळवन तोडायला कायद्यानं बंदी आहे, आणि तोडलं तर उद्याचा मासा राहणार कुठे?

इंजिन नाही, आवाज नाही. दहाच्या सुमाराला पहिला काळुंदर लागला. मग थांबून थांबून लागत राहिले. चपटा, अंगावर पट्टे, पांढुरके ठिपके. काकींनी या माशाच्या किती पाट्या विकल्या असतील याची गणती नाही. पण तो राहतो कुठे, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

एका वळणावर पाणी उथळ आणि नितळ होतं. तळाला दगड होते. तिथं दोन मोठे काळुंदर एकाच जागी घिरट्या घालत होते, आणि त्यांच्यामध्ये बारीक बारीक पिल्लांचा ढग. दुसरा मासा जवळ आला की यांतला एक धावून जायचा, दुसरा पिल्लांपाशी थांबायचा. काळुंदराची ही रीतच आहे. दगडाला, बुडालेल्या काठीला अंडी चिकटवतात आणि नर-मादी दोघंही ती राखतात. पिल्लं फुटल्यावरही काही दिवस सोडत नाहीत. म्हणूनच ही जोडी पळून जात नाही, आणि म्हणूनच ती धरायला सोपी.

काकी बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "चाळीस वर्सां मासळी इकलंय, पण पिलांका राखणारो मासो आज पयल्यांदा बघलंय."

मागची वहिनी म्हणाली, "हेंका नको धरूया." तेव्हा त्याच काकी वळून म्हणाल्या, "आपण सोडली तर उद्या दुसरो कोणतरी धरतलो. मगे नुकसान कोणाचा?"

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. त्यांच्या घरची होडी दुरुस्तीला काठावर होती, नातवाची फी थकलेली होती. चांगल्या मोठ्या दोन काळुंदरांचे पैसे त्यांना जड नव्हते. त्या वेळी आम्ही एवढंच ठरवलं की आज इथं गरी टाकायची नाही, बैठकीत बोलू.

दुपारी पाणी उतरायला लागलं तसे परत फिरलो. ओहोटी नेत होती, पण समुद्राकडचा वारा तोंडावर आला होता. मधल्या पात्रात लाटा उठल्या, म्हणून काठाच्या आडोशानं आलो. लहान मासे सोडून दिले ते वगळून चौदा काळुंदर आणि तीन तांबोशी. काठावरच वाटे घातले, पाच. चार चौघींचे आणि पाचवा कयाकचा. कयाकचा वाटा गटाच्या खात्यात गेला, कर्जाच्या हप्त्यासाठी. वाट्यात आपलं नाव आलेलं गटातल्या बऱ्याच जणींनी पहिल्यांदाच बघितलं.

बैठकीत जोडीचा विषय निघाला आणि चांगलाच तापला. कयाकवर आलेल्या एका पाहुण्यांनी आम्हाला ट्राउट माशाविषयी सांगितलं होतं. हा थंड पाण्यातला मासा. इंग्रजांनी तो विलायतेतून काश्मीर, हिमाचलच्या नद्यांत आणून सोडला. परदेशात लोक कयाकमध्ये बसूनही तो गरीनं धरतात. हिमाचलात ट्राउटच्या विणीच्या दिवसांत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मासेमारी बंद असते. आपल्या समुद्रातही यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असतेच. मग आपल्या दोन कयाकांना आपला नियम का नको, असं काही जणींचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला काकी आणि आणखी तिघी. "नेम आमकांच कशाक?"

शेवटी हात वर करून ठरलं. गटाच्या कयाकमधून पिल्लांवरची जोडी धरायची नाही. ज्यांच्या घरी अडचण आहे त्यांना पाहुण्यांना फिरवायची पाळी आधी द्यायची. दोन्ही गोष्टी इतिवृत्तात लिहून सह्या घेतल्या. काकींनी हात वर केला नाही, सही मात्र केली.

पुढच्या आठवड्यात त्या वळणावर कुणीतरी पाग टाकलाच. जोडी गेली. काकी म्हणाल्या, "बघलास?" आम्ही म्हणालो, बघितलं. तरीही नियम वहीत आहे तसाच आहे. दुसऱ्याच्या जाळ्यावर आपला हक्क नाही, आपल्या गरीवर आहे. आता पाहुण्यांना त्या बाजूला नेतो तेव्हा काकी पुढे बसतात आणि दुसरी जोडी कुठे दिसते का ते शोधतात. दिसली की वल्हं थांबवायला सांगतात.

मैत्रिणींनो, तुमच्या गावी खाडी नसेल, नदी असेल, धरणाचं पाणी असेल. मासळी विकत असाल तर एकदा ती जिथून येते तिथं जाऊन बघा. आणि एक काम नक्की करा. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन मासेमार म्हणून आपल्या स्वतःच्या नावाची नोंद कशी होते ते विचारा. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांसाठी 60 टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं आहे, सर्वसाधारण गटाला ते 40 टक्के. किसान क्रेडिट कार्डही आता मासेमारांना मिळतं. पण कागदावर नाव नसेल तर यातलं काही दारात येत नाही. एकटीला जायला संकोच वाटत असेल तर गटानं मिळून जा, आणि जे कळेल ते आम्हालाही कळवा. पुढच्या भागात तिसऱ्या काढणाऱ्या बायकांशी बोलू. नमस्कार.