असाध्य दुखणे, घर आणि गांजा

(आसगाव येथे भरलेल्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस व्यसनमुक्तीवर बोलण्याचे निमंत्रण दिले होते. त्या विषयावर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे, आणि खर्र्याची पुडी खिशात ठेवून ते शांतपणे ऐकणारेही पुष्कळ आहेत. म्हणून अध्यक्षांच्या अनुमतीने आम्ही विषय थोडा वळवून घेतला. घरातील माणसास कर्करोग झाला असता त्याचा त्रास शमविण्यासाठी गांजा किंवा भांग द्यावी काय, हा तो विषय होय. हा प्रश्न आम्हांस भर सभेत कोणी विचारलेला नाही. तो मांडवाबाहेर, बाजूस नेऊन, आवाज खाली आणून विचारला जातो, आणि विचारणारा बहुधा गांजास कधी स्पर्शही न केलेला सात्त्विक गृहस्थ असतो. अशा प्रश्नाचे उत्तर उघडपणे मिळणे आवश्यक आहे.

आपल्या झाडीपट्टीत हा रोग कोणत्या वाटेने घरात शिरतो, हे सांगावयास नको. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा दिवसभर गालात धरून ठेवावयाचा, हा आपला परिपाठ. राज्य सरकारने २०१२ साली गुटख्यावर आणि पुढे सुगंधित तंबाखू व सुपारीवर बंदी घातली; खर्रा मात्र घोटला जातच आहे. गालात चट्टा पडतो, तोंड उघडेनासे होते, दात दुखतो म्हणून महिनोन्महिने लवंग लावली जाते, आणि पवनी, भंडारा करीत रोगी नागपूरच्या मेडिकलमध्ये अथवा तुकडोजी महाराजांच्या नावाच्या कर्करोग रुग्णालयात पोहोचतो, तोवर रोगाने जबडा धरलेला असतो. शस्त्रक्रिया, किरण, शिरेतून द्यावयाची औषधे हे सारे होते. काहींस गुण येतो. काहींच्या बाबतीत एके दिवशी डॉक्टर सांगतात, "आता घरी न्या."

घरी न्या, हे दोनच शब्द. परंतु त्यांनंतर इस्पितळाचा सारा भार घरावर, म्हणजे खरे पाहता घरातील स्त्रियांवर येऊन पडतो. रात्री दोन वाजता कण्हणाऱ्या सासऱ्याच्या उशाशी बसलेल्या सुनेस काय करावे हे सांगणारा तेथे कोणी नसतो. अशाच एखाद्या रात्रीनंतर कोणी भाचा, कोणी शेजारी कागदाची पुडी घेऊन येतो. त्यास आम्ही व्यसनी म्हणणार नाही, आणि ती पुडी घेणाऱ्या घरासही नावे ठेवणार नाही.

आमच्या परिचयातील एका घरची हकीकत नाव-गाव वगळून सांगतो. वृद्ध गृहस्थांस जबड्याचा कर्करोग होता. औषधांनी अन्न पोटात ठरेना, ठणका तर अखंड. पुडी आली, सुनेने ती तूप घालून दुधात उकळली. गांजातील मादक द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. हे शास्त्र तिला कोणी शिकविले नव्हते, पण जुन्या बायकांचे ऐकून ठाऊक होते. त्या रात्री म्हातारबाबा झोपले आणि सकाळी त्यांनी स्वतः होऊन पेज मागितली. घरास वाटले, देव पावला. चौथ्या रात्री दूध पिऊन अर्धा तास झाला तरी ठणका थांबेना, म्हणून आणखी अर्धा पेला देण्यात आला. ओढलेल्या धुराचा परिणाम काही मिनिटांत दिसतो; पोटातून घेतलेल्या गांजास मात्र एक ते दोन तास लागतात, आणि नेमका येथेच घराघरांतून घात होतो. मध्यरात्री दोन्ही मात्रा एकदम अंगावर आल्या. त्यांनी स्वतःच्या मुलास ओळखले नाही, उठू गेले आणि खाटेखाली पडून खुब्याचे हाड मोडले.

पुढचा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. इस्पितळात डॉक्टरांनी भ्रम पाहिला आणि रोग मेंदूत गेला असावा अशी शंका घेऊन डोक्याची तपासणी सांगितली. मुलगा शेजारी उभा होता. त्यास कारण ठाऊक होते. परंतु पोलिसांचे भय आणि चारचौघांतील लाज यांमुळे तो बोलला नाही. दोन दिवस आणि घरचे पैसे त्या तपासण्यांत गेले. अखेर सुनेने सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. किती दिले, केव्हा दिले, एवढे विचारून त्यांनी उलट प्रश्न केला, "मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या देत होता का?" त्या गोळ्या आणल्याच नव्हत्या. ती अफू आहे, घेतली की माणूस जातो, असे कोणीतरी सांगितले होते. शुद्धीवर आल्यावर म्हातारबाबा एवढेच म्हणाले, "मले काय देता, ते मले सांगत जा." अफूच्या धास्तीने शास्त्रशुद्ध औषध नाकारावयाचे आणि गांजा अंदाजाने पाजावयाचा, असा हा उलटा व्यवहार आपल्याकडे एकाच घरात घडला असेल असे आम्हांस वाटत नाही.

आता त्या वनस्पतीविषयी. ती आपणांस परकी नाही. भावप्रकाशात भंगा या नावाने तिचे दीपन, पाचन आणि मदकारी गुण सांगितले आहेत. वैद्य तिला विजया म्हणतात. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने हिंदुस्थानभर ११९३ साक्षी नोंदविल्या. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि त्या प्रांतात गांजाचे पीक सरकारी देखरेखीखाली खंडवा तहसिलीत घेतले जाई. अतिरेक घातक, परंतु सरसकट बंदी इष्ट नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. वैद्य, हकीम आणि गुरांवर उपचार करणारे लोक ती औषध म्हणून वापरतात, हेही त्याने नोंदविले.

त्याच्याही आधी, १८३९ साली, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील ओशॉनेसी या डॉक्टरांनी तिचे पद्धतशीर प्रयोग केले. त्यांच्या रोग्यांपैकी एकास पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाची बाधा झाली होती. त्या रोगावर उपाय नव्हता आणि तो रोगी वाचला नाही. तथापि गांजाच्या औषधाने त्याची भयंकर तडफड शमली, त्यास काही खाता-पिता आले, आणि तो बऱ्याच शांतपणे गेला. रोग बरा करण्याचा दावा ओशॉनेसी यांनी केला नाही. आजच्या विक्रेत्यांना मात्र हा संयम नाही! गांजाच्या तेलाने कर्करोगाची गाठच विरघळते, असे सांगून बाटल्या विकल्या जातात. काचपात्रातील पेशींवर काही परिणाम दिसले आहेत हे खरे. परंतु माणसाचा कर्करोग त्याने बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. त्या आशेवर वेळेवरची शस्त्रक्रिया टाळणाऱ्याने हातचा जीव घालविला असे समजावे.

मग लाभ कशात आहे? १९६४ साली इस्रायलमधील मेकूलाम आणि गाओनी यांनी गांजातील मुख्य मादक द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. त्याच द्रव्याची कृत्रिम रीतीने तयार केलेली गोळी, ड्रोनाबिनॉल, अमेरिकेत १९८५ साली कर्करोगाच्या औषधांमुळे होणाऱ्या ओकाऱ्यांवर मान्य झाली. इतर औषधांनी न थांबणाऱ्या मळमळीवर तिचा उपयोग होतो, हे आजही मानले जाते. त्यानंतर मात्र ऑन्डानसेट्रॉनसारखी अधिक भरवशाची औषधे आली. ती आपल्याकडे स्वस्त आहेत. भुकेच्या बाबतीत कर्करोग्यांवरील प्रयोगांत फारसा लाभ आढळला नाही. वेदनेवर गांजाच्या अर्काचा तोंडात मारावयाचा फवारा विलायतेत तयार झाला, पण मॉर्फिन घेऊनही न शमणाऱ्या वेदनेवर मोठ्या प्रयोगांत तो अपेक्षेस उतरला नाही. थोडक्यात, गुण आहे, पण बेताचा आहे. शिवाय वृद्धांस भ्रम, चक्कर आणि पडणे हे धोके आहेतच. आणि ज्याचे तोंड किंवा फुप्फुस रोगाने पोखरले आहे, त्यास चिलीम देणे म्हणजे जखमेवर निखारा ठेवणे होय.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्यांच्या अधिनियमाप्रमाणे फुलोऱ्याचे वा फळधारणेचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांवाचून नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत. पण आपल्या राज्यात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. एक किलोपर्यंत गांजा जवळ सापडला तर एक वर्षापर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परसात रोप लावणे तर याहून गंभीर; त्यास दहा वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. बापासाठी लावले, एवढ्याने कायदा डोळे मिटत नाही. वैद्यकीय प्रयोजनास या कायद्याने तत्त्वतः वाव ठेवला आहे. परंतु गांजा चिठ्ठीवर लिहून द्यावा आणि तो औषधाच्या दुकानात मिळावा, अशी व्यवस्था आपल्या देशात नाही. पानांपासून केलेली परवानाप्राप्त विजयायुक्त आयुर्वेदीय औषधे वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात; ती घ्यावयाची तर कर्करोगाच्या डॉक्टरांस दाखवूनच घ्यावीत.

ही स्थिती अशीच राहावी, असे आमचे मत नाही. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजास अत्यंत घातक द्रव्यांच्या यादीतून वगळले, तेव्हा भारतानेही अनुकूल मत दिले. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेत कर्करोगाच्या वेदनेसाठी या वनस्पतीवर काम हाती घेण्यात आले आहे. विलायतेत २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टर तिची औषधे लिहून देऊ शकतात. आपल्याकडेही मोजून-मापून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली असे औषध मिळण्याची सोय झाली, तर आम्ही तिचे स्वागत करू.

परंतु आज रात्री ज्याच्या घरी कण्हणे चालू आहे, त्याने त्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही. मॉर्फिन आज उपलब्ध आहे. त्यासाठी लागणारी अफू आपल्याच मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील परवानाधारक शेतकरी पिकवितात. १९८५ च्या कायद्याने कागदपत्रांचे इतके जंजाळ उभे केले की पुढे कित्येक वर्षे इस्पितळांतून मॉर्फिन दिसेनासे झाले होते, केरळातील डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याविरुद्ध दीर्घ खटपट केली, आणि २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांस ते ठेवणे सुलभ झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सांगून ठेवले आहे की औषध शक्यतो तोंडाने द्यावे आणि घड्याळाच्या काट्यावर द्यावे. साध्या गोळीचा अंमल सुमारे चार तास टिकतो. दुखले की द्यावयाची, ही आपली पद्धत चूक आहे. वेदना डोके वर काढण्यापूर्वीच पुढची गोळी पोटात गेली पाहिजे. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घेतल्याने आयुष्य तुटत नाही, आणि वेदनेसाठी अशा रीतीने घेणाऱ्यास व्यसन लागल्याचे क्वचितच आढळते. बद्धकोष्ठ मात्र ठरलेला. म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून सोबत मागून घ्यावे.

डॉक्टरांकडे जाताना रात्री किती वेळा जाग आली, किती वेळा ओकारी झाली, कोणती गोळी कोणत्या वेळी दिली, हे कागदावर लिहून न्यावे. घरातील शाळकरी मुलेही हे काम उत्तम करतात. वेदनाशमन विभाग कोठे आहे असे स्पष्ट विचारावे. नागपुरात अशी सेवा मिळते. गांजा, भांग, मांत्रिकाची राख, काहीही दिले असेल तर तेही सांगावे. उपचारासाठी सांगितलेली गोष्ट डॉक्टरने गुप्त ठेवावयाची असते, आणि ती न सांगण्याचे मोल काय पडते ते आपण वर पाहिलेच. रोग्यास काय देत आहोत, हे रोग्यासही सांगावे.

गोळ्या कुलपात ठेवाव्यात, मोजून ठेवाव्यात, आणि दुसऱ्या कोणाच्या दुखण्यावर उसन्या देऊ नयेत. माणूस गेल्यानंतर उरलेल्या गोळ्या दिवसकार्य आटोपताच ज्या रुग्णालयातून आणल्या तेथे नेऊन द्याव्यात आणि त्या कशा नष्ट करावयाच्या ते तेथील डॉक्टरांस विचारून घ्यावे.