कार्ड आहे, पण यादीत नाव आहे का?

(इंदूर येथे मंडळाच्या सभेत सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नव्हे. नोकरीत असताना पाच-सहा निवडणुकांत मतदान केंद्रावर बसलो, तेवढ्या अनुभवावर बोलतो.

१७ नोव्हेंबर २०२३ ला विधानसभेचं मतदान झालं. आमच्या नात्यातल्या एक काकू, वय ऐंशीच्या घरात, सकाळीच नेसून-सवरून रामबागेतल्या नेहमीच्या केंद्रावर गेल्या. हातात फोटोचं कार्ड. यादीत नाव नाही. वाडा पाडला तेव्हा दोन वर्षांपूर्वी त्या मुलाकडे फ्लॅटवर गेल्या होत्या. घरोघर चौकशी झाली तेव्हा शेजाऱ्यांनी खरं तेच सांगितलं, इथं राहत नाहीत. नव्या पत्त्यावर नाव नेण्याचा अर्ज कुणी भरलाच नव्हता. काकू म्हणाल्या, "अरे, कार्ड आहे ना माझ्याजवळ!" कार्ड होतं, पण मत नव्हतं.

हे नीट समजून घ्या. कार्ड ही फक्त ओळख आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे मत देण्याचा हक्क येतो तो यादीतल्या नावाने. नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, पासपोर्ट, पॅन कार्ड, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, असं काहीही चालतं. उलट मात्र चालत नाही.

आपल्या घरांत नावं तीन प्रकारे अडकतात. पहिला प्रकार पत्त्याचा, तो काकूंचा. त्याला फॉर्म ८. दुसरा ळ चा. इथली यादी हिंदीत, तेव्हा काळे यांचे काले होतात, कुळकर्ण्यांचं आणखी काही होतं. ओळख पटत असेल तर एवढ्या चुकीसाठी मतदान नाकारू नये, असे निवडणूक आयोगाचेच निर्देश आहेत. तरी फॉर्म ८ भरून नाव दुरुस्त करून घ्यावं.

तिसरा प्रकार आपल्या सुनांचा, आणि तो सर्वांत अवघड. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं, हौस झाली. आता मॅट्रिकच्या दाखल्यावर ग्वाल्हेरची कुसुम जोशी आणि यादीत इंदूरची माधुरी काले! ४ नोव्हेंबर २०२५ पासून मध्य प्रदेश, गुजरात, गोवा धरून १२ राज्यं व केंद्रशासित प्रदेशांत विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं. त्या अर्जात वीसेक वर्षांपूर्वीच्या यादीतला स्वतःचा किंवा आई-वडिलांचा तपशील मागितला होता. तेव्हा किती घरांतून ग्वाल्हेर-बडोद्याला माहेरी फोन गेले, ते तुम्हीच आठवा. लग्नाचा नोंदणी दाखला, जुनी गुणपत्रिका आणि माहेरच्या यादीची प्रत अशी एक पिशवी प्रत्येक सुनेची वेगळी ठेवा. सासऱ्यांच्या कपाटात नको, तिच्याजवळ.

आता थोडं कटू बोलतो. मुलगा पुण्यात स्थायिक, तिथं त्याचं नाव आहे, आणि इथंही "घर आपलंच आहे" म्हणून राहू दिलंय. घर असणं म्हणजे रहिवास नव्हे, हे १९५० च्या कायद्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचा तर प्रश्नच मिटला. वारलेल्या वडिलांचं नावही फॉर्म ७ भरून काढा. भावना मला कळते, पण त्या नावावर दुसराच कुणी मत टाकून जातो, तेव्हा वाईट वाटतं ते जास्त.

तुमच्याच नावावर कुणी आधी मत टाकून गेलं असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे टेंडर मत मागा. ओळखीच्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिलीत की ते मतपत्रिका देतात. ती वेगळ्या पाकिटात राहते, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. पण प्रकरण कोर्टात गेलं तर तीच कामी येते. आणि मतदानाची वेळ संपताना तुम्ही रांगेत उभे असाल तर तुमचं मत घ्यावंच लागतं.

नोटाबद्दल परवा कुणीतरी विचारलं. २०२४ च्या लोकसभेत आपल्या इंदुरात नोटाला २,१८,६७४ मतं पडली, देशभर गाजलं. तरी निकाल बदलला नाही. कायद्यानं तसं होतही नाही, सर्वाधिक मतांचा उमेदवारच निवडून येतो. नाराजी नोंदवायची असेल तर जरूर नोंदवा, मात्र हे माहीत असू द्या.

८५ वर्षांवरच्या मंडळींना घरून टपाली मत देता येतं. त्यासाठी फॉर्म १२-डी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. सहाव्या दिवशी माझ्याकडे आलात तर मी काही करू शकणार नाही.

नाव चुकीनं वगळलं गेलं तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आहे. त्यासाठी लेखी आदेश मागून घ्या, तोंडी उत्तरावर घरी येऊ नका.

सभा संपली की मी मागच्या टेबलावर बसतो. फॉर्म ६, ७ आणि ८ तिथं ठेवले आहेत. काकूंचा फॉर्म ८ आम्ही मागच्याच आठवड्यात भरला, त्याची पोच पाहायची असेल तर तीही आहे.