पिसदुऱ्याच्या दगडातलं गवत



आपल्या वणीकडून वर्धा नदी ओलांडली,
की वरोरा तालुका लागतो.
तिथं पिसदुरा नावाचं गाव आहे.
या गावच्या शिवारात डायनासोरचं शेण सापडतं...
शेणाचा आता दगड झालाय.
सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं शेण!

ते बहुधा टायटॅनोसॉरचं.
लांब मानेचा, अवाढव्य, शाकाहारी प्राणी.

पूर्वी शास्त्रज्ञ समजत,
डायनासोरच्या काळी गवत नव्हतंच.
मग लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद
आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दगड तपासले.
२००५ साली त्यांनी जगाला सांगितलं...
यात गवत आहे!

ओळखलं कसं?
धुऱ्यावरचं गवत उपटताना बोट चिरतं ना?
त्या पात्यात गारेसारखे बारीक कण असतात.
ते पोटात पचत नाहीत.
शेणात कुजत नाहीत.
सूक्ष्मदर्शकाखाली तेच दिसले.

म्हणजे बघा, डायनासोर गवत खात होते.
नुसतं गवत नाही हं.
ताडाच्या कुळातली झाडं,
सूचिपर्णी झाडांचा पाला,
असं बरंच काही पोटात जायचं.
पण गवतही खात होते, हे नक्की.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढचं...
त्यातलं काही गवत
आपल्या धानाच्या गणगोतातलं होतं.