दोष नाकाचा नाही, अंतराचा

गटाच्या फाइलसाठी फोटो काढला की पुष्कळ जणी म्हणतात, "अगं बाई, माझं नाक केवढं दिसतंय!" मोबाइल तोंडाजवळ धरला की नाक कॅमेऱ्याच्या जवळ येतं, कान मागे राहतात. जवळचं मोठं दिसणारच. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशेब मांडला: पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा एक फुटावरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणून सेल्फीऐवजी शेजारणीला पाच-सहा फुटांवर उभं करून फोटो काढायला सांगा. चेहरा लहान वाटला तर तिनं पुढे यायचं नाही, जागेवरूनच दुप्पट झूम करायचं. झूमनं चेहऱ्याची ठेवण बदलत नाही, अंतरानं बदलते. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर हवा. आणि जवळून काढलेला फोटो बघून स्वतःला नावं ठेवू नका!