माझी तपासणी कुणी सांगितलीच नाही

पुरुषांच्या लैंगिक आरोग्यावर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटलं. पूर्वी मीही हसलो असतो.

निकाहाला चार वर्षं झाली, मूल नव्हतं. बायकोची सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, गर्भनलिकांचा एक्स-रे काढला. त्या दिवशी ती रिक्षात कळवळत होती. अम्मीने ताविज आणला. खाला माझ्या दुसऱ्या निकाहाचं बोलू लागली आणि मी गप्प राहिलो. ते अजून बोचतं. या सगळ्यात मला कुणी वीर्यतपासणी सांगितली नाही. मीही विचारलं नाही.

वास्तविक हीच सगळ्यात सोपी तपासणी. २ ते ७ दिवस संबंध टाळायचे, डबीत नमुना द्यायचा. सुईसुद्धा नाही. पहिला रिपोर्ट बिघडलेला आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. माझ्या अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या निघाल्या. याला व्हेरिकोसील म्हणतात, त्यावर शस्त्रक्रिया आहे. भिंतीवर ‘मर्दाना ताकद’ रंगवणाऱ्यांकडे नाही, युरॉलॉजिस्टकडे. सरकारी दवाखान्यात बायकांची ओपीडी सहज सापडते. आपण कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, हेच आपल्याला ठाऊक नसतं. केसपेपरच्या खिडकीवर तेवढं विचारायला मला चार वर्षं लागली.

रिपोर्ट बायकोला दाखवला. ती म्हणाली, “आता हा खालाला कोण वाचून दाखवणार?”

मीच दाखवला.